कुईं वाजलं तरच पास

मी तिपाई बोलतेय. तीन पायांची, ओट्याखाली सरकवलेली असते ना, तीच. घरातली मंडळी मला ‘स्टूल’ म्हणतात. म्हणू देत बापडी. म्हाताऱ्या माणसाला कुणी काहीही हाक मारतं. उभे का? टेका की बूड. घाबरू नका, मी मोडत नाही. जराशी कुरकुरते, पण कुरकुरायचंच वय आहे माझं.

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. एका सुताराकडे शाळेची मोडकी बाकं आली होती. त्यातल्या एका बाकाचा तुकडा कापून त्याने माझी बैठक केली. त्या तुकड्यावर कुण्या उनाड पोराने कर्कटकाने बेचा पाढा कोरला होता. करवत बरोबर मधून गेली आणि माझ्या वाट्याला बे पंचे दहापर्यंतच पाढा आला. बे सक किती, ते मला आजही विचारू नका. म्हणून मी अर्धवट शिकलेली. पाय मात्र एका जुन्या दाराच्या चौकटीचे, त्यामुळे दाराआडचं ऐकायची खोड जन्मजात. त्याला मी काय करणार?

चौथ्या पायापुरतं लाकूड उरलं नव्हतं, ते बरंच झालं. चार पायांच्या खुर्च्या जमीन जराशी वरखाली असली की डुगडुगतात. मी कुठेही ठेवा, ठाम. फक्त माझा एक पाय खाचेत जरा सैल बसला. सुतार म्हणाला, “करू नंतर घट्ट.” ते ‘नंतर’ अजून उजाडायचंय.

हा सुतार एका चष्म्याच्या दुकानात काउंटर बसवायला गेला, माझ्यावर बसून चहा प्यायला आणि मला तिथेच विसरून आला. त्या दुकानात काउंटरवर एक बाई होती, पोटुशी. दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजायचे. तिने मला पाहिलं आणि माझ्यावर जी बसली, ती पोट काउंटरला लागेपर्यंत उठली नाही. बाळंतपणाच्या रजेआधी शेवटच्या दिवशी मालक म्हणाला, “हे स्टूल घेऊन जा ताई. आता दुसऱ्या कुणाला ते बसायचं नाही.” अशी मी तिच्या घरी आले. मुलीच्या आधी आले, हे लक्षात ठेवा. त्या घरात मी मोठी आहे.

मुलगी झाली. घास गालात धरून तासभर बसायची, म्हणून तिला ‘खारू’ म्हणायला लागले. माझ्यावर उभी राहून ती बेसिनपाशी तोंड धुवायला शिकली. माझ्यावर उभी राहूनच वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढायला शिकली. पकडली गेली की शिक्षाही माझ्यावरच. “पाच मिनिटं इथे गप्प बस, आणि कशी वागलीस त्याचा विचार कर,” आई म्हणायची. एकदा पाच मिनिटं झाली, आई म्हणाली, “उठ आता.” तर तीन वर्षांची ती शेंबडी म्हणते, “नको. माझा विचार झाला नाही अजून.” चांगली अर्धा तास बसली. जेवण निवलं, आईचा राग निवला, ही आपली विचार करतेय!

दुसऱ्या दिवशी आईने दुकानात चष्मा न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला हे सांगितलं. तो असा हसला की नवीन चष्मा नाकावरून खाली पडला. त्याचा एक हॉल होता, तिथे तो हसवायचे कार्यक्रम करायचा. म्हणाला, “मॅडम, हे माइकवर सांगाल का?” झालं. आमची बाई स्टँड-अप कॉमेडी करायला लागली. आता स्टँड-अप म्हणजे उभं राहून करायची असते म्हणे. मग मला कशाला सोबत न्यायची? तर शेवटचा विनोद ती बसून सांगायची. गुपित सांगतात ना, तसा, पुढे वाकून. त्यासाठी मी.

दिवसा लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवायचे आणि संध्याकाळी घरच्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, असा तिचा दुहेरी धंदा सुरू झाला. नवऱ्याला तिने सोडलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. “आमचे हे शहरभर लोकांना वर नेतात. स्वतःला सोफ्यावरून वर उचलायला मात्र दुसरा मेकॅनिक लागतो.” सासूबाईंना तर मुळीच सोडलं नाही. “सासूबाई कवळी काढून ग्लासात ठेवतात, तेव्हा घरात जरा शांतता असते. परवा कवळी ग्लासात होती, सासूबाई झोपल्या होत्या, आणि तरी ग्लासातून आवाज आला, ‘भाजीत मीठ कमी आहे.’”

हा विनोद शेजारणीमार्फत सासूबाईंपर्यंत पोचला. त्या थेट स्वयंपाकघरात आल्या, मला पायाने पुढे ओढलं आणि बसल्या.

“काय गं, माझे दात चारचौघांत दाखवतेस?”

“आई, गंमत होती हो.”

“गंमत माझ्या दातांची, हसणारे परके, आणि मला शेजारणीकडून कळतंय. आता सांग इथे, माझ्या तोंडावर.”

सुनेने घाबरत घाबरत सांगितलं. सासूबाईंनी ओठ असे आवळले होते की कवळी गिळतात की काय असं वाटावं. चेहरा दगडासारखा. “यात हसण्यासारखं काय आहे?” म्हणाल्या. पण मी खाली होते ना! माझ्यावर त्या गदागदा हलत होत्या. माझा सैल पाय खाचेत घासला आणि मी वाजले. कुईं, कुईं, कुईं.

तेव्हा मला माझं खरं शिक्षण झालं म्हणा. माणूस खोटं हसतो तेव्हा त्याचा वरचा मजला हलतो. दात दिसतात, खांदे उडतात. खरं हसतो तेव्हा तळमजला हलतो. आणि तळमजल्यावर मी राहते. तोंडाचं हसू फसवतं, बुडाचं नाही. रडणाऱ्याचंही मला कळतं. तो वाजत नाही, नुसता जड होतो.

त्या दिवशी सासूबाईंनी घराला नियम घालून दिला. ज्याच्यावर विनोद, त्याला आधी या स्टुलावर बसवून सांगायचा. तो हसला तर पास, बाहेर न्यायचा. नाही हसला तर घरातच पुरायचा. “आणि माझा पास आहे,” जाता जाता म्हणाल्या. “पण मीठ कमीच होतं.”

मग काय, माझी चंगळ. नवरा यायचा, बसायचा, कपाळावर आठ्या घालायचा आणि मी वाजायचे. खारू तर रोज बसायची. “माझ्यावर काय आहे आज?” दप्तर न भरण्यावर पास, गालातल्या घासावर पास, “माझा विचार झाला नाही”वर शंभरदा पास. ती हसायची, मी कुईं, आई टाळी द्यायची. माझा आवाज त्यांच्या कानांना इतका सरावाचा झाला की तो आवाज आहे हेच ते विसरले. घड्याळाची टिकटिक कुणी ऐकतं का? बंद पडली की मगच ऐकू येते.

खारू अकरा वर्षांची झाली, आणि शाळेची सहल गेली. दोन दिवस मुक्कामाची. परत आल्यावर ती माझ्यावर बसली होती, आई मागे उभी राहून तिचे केस विंचरत होती. केसांचा गुंता सोडवताना मुलींच्या पोटातले गुंतेही सुटतात, हे मी पाहिलंय.

“आई, कुणाला सांगणार नाहीस ना?”

“नाही गं.”

“मी तुझा गाऊन नेला होता. निळा, फाटका. उशीच्या अभ्र्यात भरून.”

आईचा कंगवा थांबला.

“झोप येईना म्हणून. बाही बाहेर लोंबत होती, मला कळलंच नाही. बाईंनी पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती आत खोचली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मुलींनी नाही पाहिलं. पाहिलं असतं ना, तर मी शाळाच सोडली असती.”

आईने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. तिचं नाक वाहत होतं, ते पोरीच्या केसांना पुसलं. मायबापांना असलं चालतं.

आता तुम्ही म्हणाल, इथे विनोद कुठे आहे? तेच तर. विनोदवाल्यांची जात मांजरासारखी. दूध कितीही उंच ठेवा, नाक तिकडेच. पुढच्या महिन्यात हॉलवाल्याने रविवारी दुपारचा मोठा कार्यक्रम ठरवला, सगळ्या कुटुंबांनी पोराबाळांसकट यायचा. आमची बाई त्यात शेवटची, म्हणजे मानाची. “छान झालं तर दर शनिवार तुमचा,” तो म्हणाला. “शेवट मात्र काहीतरी जबरदस्त द्या.” बाईने शेवट शोधला, शोधला, रात्रंदिवस पुटपुटली, डाळ दोनदा करपवली. आणि शेवटी गाऊनपाशी आली. आधी तिने तो घोळवला स्वतःशीच, मग हॉलवाल्याला फोनवर ऐकवला. तो फोनमध्ये इतका खिंकाळला की मला ओट्याखाली ऐकू आलं. मी तेव्हाच म्हटलं, अगं बये, परवाना कुणाचा काढायचा आणि काढलास कुणाचा!

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तिने खारूला बसवलं. नियम तो नियम.

“तर ऐक हं. माझी मुलगी सहलीला गेली. तिसऱ्या तासाला शाळेच्या बाईंचा फोन. ‘अहो, तुम्ही इथे कशा?’ म्हटलं, ‘मी घरी आहे.’ म्हणे, ‘मग तुमच्या मुलीच्या उशीतून हात कोण हलवतंय?’”

विनोद चांगला होता. खोटं कशाला बोलू? मलाही हसू येणार होतं. पण माझ्यावरचं वजन एकदम जड झालं.

“उद्या कोण कोण येणार आहे?” खारूने विचारलं.

“अगं, हॉल भरलाय! तुझ्या वर्गातल्या दोघीतिघी पण येणार आहेत आईबाबांबरोबर, हॉलवाला सांगत होता.” आई बोलत होती आणि तिचे डोळे दिव्यासारखे चमकत होते. आठ वर्षं शेवटच्या बसने घरी येणारी बाई ती, पाय चोळत, आवाज बसलेला. पोरीने तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात माझ्या कडेखाली गेले आणि तिने मला घट्ट धरलं. बे पंचे दहावर तिच्या नखांचे वण अजून आहेत.

आणि ती हसली. मोठ्याने. “हा हा, मस्त आहे, आई! पास!”

मी वाजले नाही.

वाजायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! पण लाकडाला स्वतःहून वाजता येत नाही हो. आईने टाळी द्यायला हात पुढे केला. खारूने माझ्या कडेखालून एक हात सोडवला, टाळी दिली आणि परत खाली नेला. “माझं शहाणं बाळ ते,” आई म्हणाली आणि साडी इस्त्री करायला गेली.

तेवढ्यात लिफ्टवाले बाबा डिंकाची बाटली आणि हातोडी घेऊन आले. “उद्या स्टेजवर जायचंय, आज हिचा पाय घट्ट करूनच टाकतो.” मी मनात म्हटलं, संपलं. उद्या मी मुकी होणार. पण ज्याचा ‘नंतर’ सुताराच्या ‘नंतर’चा सख्खा भाऊ, त्याला मॅच लागलेली दिसली. बाटली तशीच ओट्यावर राहिली. आळशी नवऱ्यांना नावं ठेवू नका बायांनो. कधीकधी त्यांच्यामुळेच घरं वाचतात.

रविवार उजाडला. हॉल गच्च. पोरं मांडीवर, पोरं खांद्यावर, एक तर रंगमंचाच्या पायरीवर येऊन झोपलेलं. बाजूच्या पडद्याआड बाबा आणि खारू उभे. खारूने पडद्याची कड मुठीत धरली होती. समोर तिसऱ्या रांगेत तिच्या वर्गातल्या दोघी पॉपकॉर्न खात बसल्या होत्या. मी पाहिलं. तिनेही पाहिलं.

बाई रंगात आली. कवळी झाली, सोफा झाला. पहिल्या रांगेत एक आजोबा होते, ते हसताना घोड्यासारखा आवाज काढायचे, आणि त्यांच्या हसण्याला लोक हसायचे. शेवटी बाईने मला पुढे ओढलं, माइक खाली घेतला आणि बसली. तेवढ्यात आजोबांना आधीचा विनोद आत्ता कळला. ते एकटेच खिंकाळले. हॉल फुटला. बाईलाही आवरेना. ती पोट धरून हसली, अगदी खरी, तळमजल्यापासून. माइक माझ्या पायाशीच होता.

कुईं! कुईं! कुईं!

सगळ्या हॉलभर माझाच आवाज. जन्मात पहिल्यांदा मी माइकवर बोलले. लोक अजून हसले. बाई डोळे पुसत म्हणाली, “तर… माझी मुलगी सहलीला गेली…”

आणि थांबली.

तिने खाली माझ्याकडे पाहिलं. बूड जरासं हलवलं. कुईं. पुन्हा हलवलं. कुईं. लोकांना वाटलं हा विनोदच आहे, ते हसत राहिले. तिचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

“काल हा आवाज आला नव्हता,” ती म्हणाली. लोकांना नाही, स्वतःला. पण माइक कुणाची गुपितं ठेवतो?

तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पाढा पाचाच्या पुढे येत नाही. हॉलवाला दाराशी उभा राहून हाताने ‘पुढे, पुढे’ करत होता.

“आमच्या घरात एक नियम आहे,” ती म्हणाली आणि सासूबाईंच्या दातांपासून सगळा नियम सांगितला. “तर आजच्या शेवटच्या विनोदाला घरून पास मिळालेला नाही. मिळाला असं मला वाटलं होतं. म्हणून तो मी सांगणार नाही.”

“अहो सांगा की!” मागून कुणीतरी ओरडलं. “आम्ही नाही कुणाला सांगणार!”

“तुम्ही साडेतीनशे जण आहात दादा. आणि ती एक आहे. तिचाच मला उद्या डबा भरायचाय.”

लोक हसले, पण अर्धेच. बाकीचे वाट पाहत होते. बाईच्या हातात काहीच नव्हतं.

“मी माझंच सांगते,” ती हळूच म्हणाली. “ती सहलीला गेली, त्या रात्री घर इतकं नीटनेटकं होतं की मला झोप येईना. उठले, धुण्याच्या बादलीतून तिचा एक मोजा काढला आणि उशीखाली घेऊन झोपले. न धुतलेला. पहाटे नवरा उठला, दिवे लावले, पलंगाखाली काठी घालायला लागला. म्हटलं, काय शोधताय? म्हणे, ‘कुठेतरी उंदीर मेलाय.’”

आजोबांनी घोडा सोडला. पण लोकांनी हॉल काही डोक्यावर घेतला नाही. बऱ्याच बाया हसता हसता गप्प झाल्या आणि शेजारच्या पोराला जवळ ओढू लागल्या. टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी. संपलं.

आत खोलीत हॉलवाला आला. “मॅडम, गाऊन कुठे गेला?”

“घरी आहे. धुवायला टाकलाय.”

“शेवट सैल झाला हो. पुढच्या वेळी तरी आणा.”

“पुढच्या वेळीही नाही आणणार.”

तो मान हलवत गेला. शनिवार काही मिळाले नाहीत. मधल्या वारी लहान खोलीतले कार्यक्रम मिळाले, खुर्च्या कमी, पंखा एक. तीच शेवटची बस.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं. खारू आली, माझ्यावर बसली. आई तिच्यासमोर खाली जमिनीवर बसली, इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता.

“काल खोटं का हसलीस गं?”

“तू किती खूश होतीस.”

“म्हणून?”

“म्हणून.” मग नाक ओढून, “पण तो मोजा माझा होता. माझ्या मोज्यावर विनोद केलास, आणि मला न विचारता. नियम मोडलास.”

“मोडला. आता काय करायचं?”

“बाबांनी खरंच काठी घातली पलंगाखाली?”

“अगं, झाडूसुद्धा!” पडद्याआडून बाबा ओरडले. “दोन दिवस वास शोधत होतो मी!”

खारूने ओठ आवळले, अगदी आजीसारखे. कपाळावर आठ्या घातल्या, अगदी बापासारख्या. आणि माझ्यावर गदागदा हलायला लागली. मी वाजले, वाजले, घसा बसेपर्यंत वाजले. तिघंही माझ्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं.

आता खारू मोठी झालीय. सासूबाई गेल्या, त्यांचा ग्लास अजून फळीवर आहे, त्यात आता चमचे उभे असतात. खारू शिकायला दुसऱ्या गावी निघालीय, बॅगा दारात आहेत. काल ती आपणहून माझ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “आई, तो गाऊनचा सांग ना.”

आईने सांगितला. उशीतून हलणाऱ्या हातासकट. पोरगी इतकी हसली की माझा पाय खाचेतून निसटायचाच राहिला.

“म्हणजे पास?” आईने विचारलं.

“छे. बाहेर नाही न्यायचा हं. मला एकटीलाच ऐकायचा होता.”

मग ती आत गेली आणि तो निळा, आता चिंध्या झालेला गाऊन सगळ्यांदेखत उशीच्या अभ्र्यात भरून आली. बाही लोंबत होती. आईने ती आत खोचली.

आज सकाळपासून तिचा एक मोजा सापडत नाहीये. घरभर शोध चाललाय. मला ठाऊक आहे तो कुठे आहे. कुठल्या उशीखाली, कुणाच्या. सांगणार नाही. विनोद ज्याचा, त्याला आधी विचारायला हवं.

बाबा मात्र निवृत्त झालेत. आता त्यांच्याकडे ‘नंतर’ उरलेला नाही, सगळा वेळ ‘आत्ता’. तीच डिंकाची बाटली घेऊन ते माझ्याकडे येताहेत. “पोरगी जायच्या आत हिचा पाय घट्ट करतो,” म्हणतात.

तुम्ही बसलाच आहात, तर एवढं काम करा या म्हातारीचं. उठू नका. चांगलं बूड रोवून बसा माझ्यावर, आणि तुमच्या घरातलं एखादं सांगा त्यांना, लेकराबाळांचं, खरं, हसवेल असं. बाबा हसले की हातोडी ठेवतात, मी ओळखते त्यांना. मला घट्ट करू नका म्हणावं. या घरात आता दोघंच उरणार आहेत, आणि दोघंही एकमेकांना धीर द्यायला उद्यापासून खोटं हसणार आहेत. कुणीतरी नको का वाजायला?